भावाचा आलेख आणि खाणीचा तळ

बुलढाणा जिल्ह्याच्या भूमींत सोन्याची, लोखंडाची अगर मँगनीजची नांव घेण्यासारखी खाण नाहीं. सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत पसरलेल्या काळ्या खडकाचे थरावर थर येथें पडलेले आहेत, आणि त्यांवरच्या काळ्या मातींत कापूस पिकतो. असें असूनहि खाणींच्या शेअरांत पैसा घालणाऱ्या गृहस्थाला ज्या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात, त्या दोहोंच्या साक्षी याच जिल्ह्यांत सांपडतात. एक साक्ष खामगांवच्या कापसाच्या बाजाराची, दुसरी लोणारच्या सरोवराची. पहिली भावाविषयीं बोलते. दुसरी भूमीच्या पोटाविषयीं.

शेअर विकत घेणाऱ्यांचे सर्व जगांत दोन पंथ आहेत. एक पंथ कंपनीचें दार उघडून आंत पाहात नाहीं. तो बाहेर उभा राहून तिच्या शेअराचा भाव काल किती होता, आज किती आहे, व्यवहार थोडा झाला कीं पुष्कळ, एवढेंच टिपतो, त्याचा आलेख काढतो आणि त्या रेषेच्या वळणावरून उद्यांचा अंदाज बांधतो. यास तांत्रिक विश्लेषण म्हणतात. दुसरा पंथ प्रथम भावाकडे पाहातच नाहीं. कंपनीची मालमत्ता काय, कर्ज किती, माल कोणता, तो काढण्यास खर्च काय येतो आणि विकून उरतें काय, हें तपासून तो शेअराची योग्य किंमत स्वतः ठरवितो व मग ती बाजारभावाशीं ताडून पाहतो. हें मूलभूत विश्लेषण. नांवें नवीं असलीं तरी वृत्ति जुन्या आहेत. बैल घेणाऱ्या शेतकऱ्यांतहि हे दोन प्रकार असतात. एकजण आज बाजारांत बैल काय भावानें चालले आहेत तें विचारतो. दुसरा बैलाचे दांत पाहतो.

खामगांवचा कापसाचा व्यापार १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं तेथें दुकानें घातलीं तेव्हांपासूनचा आहे. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें आठ वर्षांनीं, १८६१ च्या एप्रिलांत, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस, पांचांतले सुमारें चार हिस्से, अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमारानें तीं बंदरें कोंडलीं आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारांत अमेरिकन कापसाचा भाव १८६० सालीं पौंडास सात पेन्सांच्या आंतबाहेर होता. १८६४ च्या उन्हाळ्यांत तो तीस पेन्सांच्या घरांत जाऊन पोंचला. वऱ्हाडचा कापूस आंखूड धाग्याचा व पुष्कळदां कचरा मिसळलेला म्हणून एरवीं त्याला नाक मुरडलें जाई. आतां तोच कापूस गासड्या बांधून मुंबईच्या धक्क्यावर जाऊं लागला. खामगांव हें त्या काळीं वऱ्हाडांतील कापसाचें सर्वांत मोठें ठाणें.

ही तेजी पोकळ नव्हती हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तिच्या मुळाशीं एक खरी वस्तु, कापूस, आणि एक खरें कारण, युद्ध, होतें. परंतु कारण जितकें खरें तितकेंच तें तात्पुरतें होतें. युद्ध केव्हां तरी संपणारच. बाजारांत विचारण्याचा मूळ प्रश्न, आज भाव काय, हा नव्हता. युद्ध किती दिवस चालेल, हा होता. तो विचारणारे थोडे निघाले.

मुंबई गॅझेटियराच्या अंदाजाप्रमाणें या पांच वर्षांत कापसाच्या नेहमींच्या रास्त किंमतीपेक्षां सुमारें आठ कोटी दहा लाख पौंड मुंबईच्या हातीं अधिक पडले. एवढा पैसा ठेवायचा कोठें? त्यासाठीं कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारींत मुंबईंत एकतीस बँका, सोळा पेढीवजा वित्तसंस्था, आठ जमीन-कंपन्या, सोळा कापूस दाबण्याच्या कंपन्या, दहा जहाज-कंपन्या आणि वीस विमा-कंपन्या मोजल्या गेल्या. या सर्वांत बाजाराचें लाडकें बाळ म्हणजे बॅक बे कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायची आणि ती विकायची, हा तिचा उद्योग. खाणीच्या शेअराशीं या शेअराचें विलक्षण साम्य होतें. मालमत्ता डोळ्यांना दिसत नव्हती. एकाची खडकाखालीं असते, दुसरीची पाण्याखालीं होती. किती जमीन निघेल, किती वर्षांनीं निघेल, भराव टाकण्यास खर्च किती येईल, निघालेली जमीन कोण कोणत्या दरानें घेईल, असले प्रश्न विचारणाराला त्या वेळच्या मुंबईंत मंदबुद्धीचा समजत असले पाहिजेत. पांच हजार रुपयांचा तो शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला.

तो कसा चढला हें पाहिलें म्हणजे केवळ भावावर विसंबण्यांतील मुख्य धोका कळतो. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागीदारी असलेली बँक. १८६३ च्या कायद्यानें तिच्यावरचीं जुनीं बंधनें सैल झालीं आणि शेअर तारण घेऊन ती सढळ हातानें कर्ज देऊं लागली. शेअर गहाण टाकून कर्ज काढावें, त्या कर्जांतून आणखी शेअर घ्यावे, त्या खरेदीनें भाव चढावा आणि चढलेल्या भावावर त्याच शेअरांस आणखी कर्ज मिळावें, असें हें चक्र होतें. जो आलेख पाहून लोक शेअर घेत होते, तो आलेख त्यांच्याच उसन्या पैशांनीं काढला जात होता. याखेरीज वायद्याचे व्यवहार होते. त्यांतील मोठ्या वायद्यांचा निकाल १ जुलै १८६५ रोजीं लागायचा होता.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. १८६४ च्या पावसाळ्याअखेर अमेरिकेंत तह होणार अशा वार्ता पसरल्या आणि लिव्हरपूलला कापसाचा भाव कोसळला. म्हणजे ज्या झऱ्याचें पाणी मुंबईच्या शेअरबाजाराला मिळत होतें, तो आटूं लागल्याची खूण मिळाली होती, आणि ती भावाच्याच भाषेंत मिळाली होती. तरीहि कंपन्यांच्या शेअरांची तेजी आणखी कित्येक महिने चालली. भावावर श्रद्धा ठेवणाऱ्या मंडळींनीं भावहि नीट वाचला नाहीं. आपल्याला आवडेल तोच भाव वाचला. तांत्रिक पद्धतीवर जो ठपका या प्रकरणावरून ठेवण्यांत येतो, त्यांतला निम्मा तरी तिच्या अर्धवट उपासकांवर ठेवला पाहिजे.

१८६५ च्या एप्रिलांत दक्षिणेचा सेनापति ली शरण आला आणि युद्ध संपलें. जुलैचा वायदा आला तेव्हां देणारांपाशीं पैसा नव्हता व घेणारांपाशीं धीर नव्हता. बॅक बेचा पन्नास हजारांवर गेलेला शेअर दोन हजारांनाहि महाग झाला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर चढलेला शेअर अखेर ८७ रुपयांस विकला गेला. दिवाळखोरांची दाद लौकर लागावी म्हणून १८६५ चा अठ्ठाविसावा कायदा खास करावा लागला. बँक बुडाली, १८६८ सालीं तिच्या चौकशीस कमिशन बसलें. ज्यांच्या शब्दावर सारी मुंबई शेअर घेत असे ते प्रेमचंद रायचंदहि या पडींत सांपडले. राजाबाई टॉवरसाठीं त्यांनीं दिलेला पैसा तेवढा आजहि उभा दिसतो.

खामगांवचें मात्र तसें झालें नाहीं. कापसाचा भाव उतरला, पुष्कळांचें नुकसान झालें, परंतु बाजार मोडला नाहीं; कारण शेतांत कापूस होता आणि गिरण्यांना तो हवा होता. १८७० सालीं लॉर्ड मेयो याच्या हस्तें जलंबपासून खामगांवपर्यंतचा आठ मैलांचा रेल्वेचा फांटा उघडला. ज्या वर्षांत बॅक बेचे कागद रद्दीच्या भावानें पडून होते, त्याच वर्षांत खामगांवच्या गासड्या वाफेच्या गाडीनें जाऊं लागल्या. मुंबईच्या दलालांनींहि १८७५ सालीं आपली संस्था स्थापून व्यवहाराला कांहीं शिस्त लावली. आजचा मुंबई शेअरबाजार तो हाच.

भाव वाचण्याला शास्त्राचें रूप आलें तें अमेरिकेंत, आणि त्याच्या उगमाशीं एक खाण आहे. चार्ल्स डाउ हा तरुण बातमीदार १८७९ सालीं न्यूयॉर्कच्या सावकारांच्या एका मंडळीबरोबर कोलोरॅडोंतील लेडव्हिल येथील रुप्याच्या खाणी पाहण्यास गेला आणि तेथून त्यानें आपल्या वर्तमानपत्रास पत्रें लिहिलीं. पैसेवाल्यांना कोणती माहिती हवी असते याचें शिक्षण त्याला तेथें मिळालें. पुढें १८८९ सालीं त्यानें सहकाऱ्यांसह 'वॉल स्ट्रीट जर्नल' सुरू केलें व निवडक शेअरांच्या भावांची सरासरी काढून ती रोज छापली. त्याचा मुख्य विचार असा कीं, हजारों लोकांना जें जें ठाऊक आहे तें सर्व भावांत उतरलेलें असतें. भरती-ओहोटी, लाट आणि तरंग यांचीं जशीं निरनिराळीं मापें, तशीं भावाच्या चढउताराचींहि असतात. तरंगाकडे पाहून भरतीचा निर्णय करूं नये. १९०२ सालीं डाउ वारला; त्याच्या लेखांवरून इतरांनीं जें उभारलें त्यालाच तांत्रिक विश्लेषण हें नांव मिळालें. दुसऱ्या पंथाचा मोठा ग्रंथ ग्रॅहम आणि डॉड या दोघा अध्यापकांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केला, म्हणजे १९२९ च्या पडझडीनंतर. शहाणपणाचे ग्रंथ बहुधा पडझडीनंतरच निघतात.

गिरणी, विमा-कंपनी किंवा बँक यांच्याहून खाणीचा शेअर एका बाबतींत अगदीं निराळा आहे. गिरणी आज जें कापड काढते तें उद्यांहि काढूं शकते. खाण मात्र दररोज आपल्या भांडवलांतून खात असते. काढलेला धातु पुन्हा उगवत नाहीं. समजा, एका खाणींत दहा वर्षें पुरेल इतकाच धातु उरला आहे, शेअराचा भाव शंभर रुपये आहे आणि कंपनी दरसाल सोळा रुपये लाभांश वांटते. नवखा गृहस्थ म्हणेल, शेंकडा सोळा व्याज पडलें. परंतु दहा वर्षांनीं खाण संपेल त्या दिवशीं त्याच्या हातांतील कागदाची किंमत शून्य होणार. तेव्हां त्या सोळांपैकीं दहा रुपये म्हणजे त्याचेच शंभर रुपये हप्त्याहप्त्यानें परत येत आहेत. खरें उत्पन्न सहाच. (बाजूला ठेवलेल्या दहा रुपयांवर व्याज मिळेल तेवढी सूट हिशेबांत द्यावी. मुद्दा त्यानें पालटत नाहीं.) हें गणित मराठी चौथ्या इयत्तेचें आहे, परंतु त्यावांचून कित्येक पेन्शनरांची पुंजी खाणींत गेली आहे.

यासाठीं खाणीची किंमत करतांना पहिला प्रश्न साठ्याचा. पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूव्हर हा मूळचा खाण-इंजिनिअर. त्याच्या १९०९ च्या ग्रंथांत त्यानें खनिजाच्या साठ्याची वर्गवारी केली आहे. चारी बाजूंनीं खोदून ज्याचें माप घेतलें तो सिद्ध साठा, थोड्या खोदाईवरून ज्याचें अनुमान निघतें तो संभाव्य साठा, आणि उरला तो केवळ अपेक्षेचा. कंपनीच्या जाहिरातींत या तिहींची बेरीज करून एकच मोठा आंकडा छापलेला असतो. वाचणाराचें काम ती बेरीज पुन्हा फोडण्याचें.

असें माप घेण्याचें उत्तम उदाहरण मराठी मुलखांतलेंच आहे. १८८२ सालीं जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत रिटर फॉन श्वार्ट्स या तज्ज्ञाचा एक अहवाल आला. चांदा जिल्ह्यांत लोहारा येथें उत्तम प्रतीचें लोखंड आहे आणि जवळच वरोऱ्यास कोळसा आहे, असें त्यांत म्हटलें होतें. लोखंड व कोळसा शेजारीं शेजारीं, म्हणजे कागदावर सोन्याचा योग. परंतु वरोऱ्याचा कोळसा तपासविला तो भट्टीच्या कामाचा ठरेना. खाणींचे सरकारी नियमहि जाचक होते. जमशेटजींनीं विचार सोडला नाहीं व पैसाहि घातला नाहीं. सतरा वर्षांनीं, १८९९ सालीं, नियम सैल झाले तेव्हां त्यांनीं तें काम पुन्हा हातीं घेतलें, १९०२ सालीं अमेरिकेस जाऊन तेथील तज्ज्ञ इंजिनिअर पेरिन यांस गांठलें आणि त्यांच्या वतीनें वेल्ड नांवाचा भूगर्भशास्त्रज्ञ १९०४ सालीं चांद्याच्या जंगलांत येऊन दाखल झाला. बैलगाड्या, पाण्याचे हाल, वाघांची भीति, हें सर्व सोसून त्यानें आणि दोराबजी टाटांनीं तो मुलूख पालथा घातला. लोखंड होतें, चांगलेंहि होतें, परंतु मोठा कारखाना पिढ्यानपिढ्या चालेल इतकें एका ठिकाणीं नव्हतें. वेल्डनें तसें स्वच्छ लिहिलें.

या नकाराची योग्यता फार मोठी आहे. बावीस वर्षें उराशीं धरलेला मनोरथ, त्यासाठीं झालेला खर्च, मालकाचें नांव, सर्व कांहीं होकाराकडे ओढत होतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत जमशेटजी परदेशीं वारले. चांद्याच्या नांवानें शेअर काढले असते तर ते खपलेहि असते; टाटा हें नांव पुरेसें होतें. तसें न करतां दोराबजी नागपुरास सरकारी अधिकाऱ्यांना भेटावयास गेले आणि वाट पाहण्याच्या वेळांत समोरच्या वस्तुसंग्रहालयांत शिरले. तेथें मध्यप्रांताचा भूगर्भविषयक नकाशा लावलेला होता. दुर्गच्या बाजूस डल्ली-राजहरा डोंगरांवर लोखंडाची दाट खूण होती. ही पाहणी प्रमथनाथ बोस यांनीं पूर्वीं सरकारी नोकरींत असतांना केलेली. वेल्ड तेथें गेला तों डोंगरच्या डोंगर लोखंडाचे. पण तेथेंहि कोळसा व पाणी दूर पडत होतें. तेवढ्यांत मयूरभंज संस्थानांतून याच बोसांचें १९०४ च्या फेब्रुवारींतील पत्र हातीं आलें, त्यावरून गोरुमहिसानी डोंगर सांपडला आणि साकची येथें कारखान्याची जागा ठरली. नाकारलेला डल्ली-राजहरा पुढें अर्ध्या शतकानें भिलाईच्या पोलाद-कारखान्याच्या उपयोगी पडला. जुन्या चांदा जिल्ह्यांतल्याच सुरजागडच्या डोंगरावर एकविसाव्या शतकांत लोखंडाची खाण चालू झाली. म्हणजे खाणीचा अहवाल हाहि पंचांगासारखा असतो. वर्ष पाहून वाचावा लागतो. ज्या काळचे रस्ते, यंत्रें आणि दर धरून तो लिहिला, त्याच काळापुरता तो खरा.

१९०७ सालीं लंडनच्या बाजारांत भांडवल मिळेना, तेव्हां टाटांनीं ऑगस्टांत मुंबईस शेअर विक्रीस काढले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. तीन आठवड्यांत कारखाना उभारण्यास लागणारे सोळा लक्ष तीस हजार पौंड सुमारें आठ हजार हिंदी लोकांनीं पुरे केले. या आठ हजारांतील फारच थोड्यांनीं वेल्डचा अहवाल पाहिला असेल. भावाचा आलेख तर नव्हताच, कारण शेअरच नवा. ते देशाच्या अभिमानानें आले होते. पण त्यांच्या वतीनें कोणीतरी आधीं कित्येक वर्षें डोंगर तपासलेले होते, आणि दोन ठिकाणांस नाहीं म्हटलेलें होतें. १६ फेब्रुवारी १९१२ रोजीं साकचीस पहिलें पोलाद निघालें. पुढें याच कंपनीचा 'टाटा डिफर्ड' हा शेअर मुंबईच्या वायदेबाजाराचा आवडता सट्टा झाला. एकाच कागदाच्या मागें एकीकडे डोंगराचें माप घेणारे आणि दुसरीकडे केवळ भाव पाहणारे, असे दोन्ही पंथ वर्षानुवर्षें उभे राहिले.

आतां दुसरी साक्ष. लोणारचें सरोवर म्हणजे काळ्या खडकांत पडलेला एक मैलाहून थोडा अधिक रुंद आणि काठापासून सुमारें साडेचारशें फूट खोल असा वाटोळा खड्डा. लवणासुराची कथा सर्वांना ठाऊक आहेच. त्याच्या खारट पाण्यांतील क्षारांची ख्याति जुनी. अबुल फजलच्या 'ऐने अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे आणि कांच व साबण यांना लागणारें साहित्य तेथें मिळतें असें म्हटलें आहे. हा खड्डा कशानें झाला याविषयीं मात्र फार काळ ज्वालामुखीचाच समज होता. अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतीं असाच एक पाऊण मैल रुंदीचा खड्डा आहे. गिल्बर्ट या थोर भूगर्भशास्त्रज्ञानें १८९६ सालीं या दोहोंचें साम्य नोंदलें. पण ॲरिझोनाचा खड्डाहि वाफेच्या स्फोटानें झाला असावा असेंच त्याचें मत पडलें.

डॅनियल बॅरिंजर नांवाच्या खाणमालकाला तें पटलें नाहीं. खड्ड्याभोंवतीं उल्का-लोहाचे तुकडे विखुरलेले होते. त्यावरून हा खड्डा आकाशांतून पडलेल्या लोखंडी उल्केनें झाला, असा त्यानें सिद्धान्त केला, आणि तो बरोबर होता. तेवढ्यावरून त्यानें पुढचें पाऊल टाकलें. एवढा खड्डा पाडणारी उल्का प्रचंड असली पाहिजे आणि ती खालीं पुरलेली असली पाहिजे. १९०३ सालीं त्यानें कंपनी काढली व तळांत छिद्रें पाडण्यास आरंभ केला. तळीं लोखंड लागेना, तेव्हां उल्का तिरपी शिरली असेल म्हणून दक्षिणेच्या काठाखालीं तेराशें फुटांहून खोल छिद्र नेलें. पाण्यानें खोदाई बंद पाडली. सव्वीस वर्षें, लाखों डॉलर आणि मित्रांचे पैसे त्यांत गेले. १९२९ सालीं कंपनीच्या चालकांनीं मोल्टन या ज्योतिर्गणितज्ञाचें मत विचारलें. त्यानें हिशेब करून सांगितलें कीं, उल्केचा वेग धरला तर तिचें वजन तीन लक्ष टनांपेक्षां अधिक निघत नाहीं, आणि तिचा बहुतेक भाग आघाताच्या उष्णतेनें वाफ होऊन गेला असणार. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बॅरिंजर हृदयविकारानें वारला.

बॅरिंजर लबाड नव्हता, आळशी नव्हता आणि अडाणी तर नव्हताच. मोठमोठ्या पंडितांविरुद्ध त्याचेंच मत शेवटीं खरें ठरलें. लोणारच्या बाबतींतहि तेंच झालें. तळाशीं छिद्रें पाडून काढलेल्या खडकांत आघाताच्या खुणा सांपडल्या आणि १९७३ सालीं लोणारचा खड्डा उल्केनेंच झाला हें शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. तेथेंहि उल्केचा गोळा कोठें नाहीं. मूलभूत विश्लेषणाचा हा दुबळा भाग आहे. शंभर गोष्टी परिश्रमानें तपासाव्या, त्यांतल्या नव्याण्णव खऱ्या निघाव्या, आणि ज्या एका गोष्टीवर सर्व हिशेब उभा तीच कोणी तपासलेली नसावी. खड्डा मोठा म्हणून धातु मोठा, हें वाक्य बॅरिंजरला इतकें उघड वाटलें कीं तें सिद्ध करावें लागतें हेंच त्याच्या ध्यानांत आलें नाहीं.

ही प्रामाणिक चूक झाली. अप्रामाणिकाचें उदाहरण कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीचें. इंडोनेशियांतील बुसांग येथें अपार सोनें आहे असें तिचे अहवाल सांगत. शेअर कांहीं सेंटांवरून चढत चढत गेला आणि कंपनीची एकूण किंमत सुमारें सहा अब्ज कॅनेडियन डॉलर झाली. १९९७ सालीं दुसऱ्या कंपनीनें शेजारीं छिद्रें पाडलीं तों सोनें नाहीं. पूर्वींच्या नमुन्यांत बाहेरून सोन्याची भुकटी मिसळलेली होती. शहरांत बसून मूलभूत विश्लेषण करणारा खाण तपासत नाहीं. खाणीविषयींचा कागद तपासतो, आणि तो कागद दुसऱ्याच्या हातचा असतो. भाव पाहणाराच्या आलेखाला निदान एवढा गुण आहे कीं, कालचा भाव कोणास मागाहून बदलतां येत नाहीं.

तात्पर्य, दोन्ही पद्धति एकमेकींच्या शत्रु आहेत हा वाद फारसा कामाचा नाहीं. त्या निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात. आलेख सांगतो कीं इतर माणसें या घडीस काय मानीत आहेत आणि त्यांचें मत कोणत्या बाजूस सरकत आहे. अहवाल सांगतो कीं जमिनींत काय आहे. एकाला विचारायचा प्रश्न दुसऱ्याला विचारला म्हणजे नुकसान होतें. आणि वस्तु खरी, अहवाल खरा, कंपनी नेक असली तरी शेअर घेणारा सुखरूप असतोच असें नाहीं, हें विदर्भाला अलीकडेच पाहावयास मिळालें.

नागपूर, भंडारा व बालाघाट या पट्ट्यांत मँगनीज आहे हें एकोणिसाव्या शतकाअखेरपासून ठाऊक आहे. १८९६ सालीं त्यासाठीं इंग्रज कंपनी निघाली. १९६२ सालीं तिच्या खाणी घेऊन मॉइल ही कंपनी उभी राहिली व १९७७ पासून ती सर्वस्वीं सरकारी झाली. २०१० च्या अखेरीस केंद्र सरकारनें दहा टक्के आणि महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांनीं पांच-पांच टक्के शेअर विक्रीस काढले. कंपनीवर कर्ज नाहीं, गांठीं रोकड पुष्कळ, साठा मोजलेला, देशांत या धातूचें सर्वांत मोठें उत्पादन तिचेंच. मूलभूत दृष्टीनें इतकी निर्मळ खाण-कंपनी क्वचित् मिळते. ३७५ रुपये भाव ठरला. मागणी सुमारें छप्पन्न पट आली. १५ डिसेंबर रोजीं बाजारांत पहिला सौदा झाला तो पांचशेंवर. अनेक घरांतून त्या दिवशीं पेढे वांटले गेले असतील. ज्यांना वांट्यास शेअर आले नव्हते ते बाजारांतून त्या चढ्या भावानें घेऊं लागले. एक वर्ष लोटलें आणि भाव विक्रीच्या ३७५ च्याहि पुष्कळ खालीं उतरला.

त्या वर्षांत मानसरची, डोंगरी बुजुर्गची किंवा बालाघाटची खाण कोठें गेली नव्हती. उत्पादन दोन्ही वर्षीं दहा-अकरा लक्ष टनांच्या आसपास राहिलें. साठ्याचा आंकडा तोच, मजूर तेच, खोली तीच. पालटला होता तो पोलादाच्या बाजाराचा नूर आणि त्याबरोबर मँगनीजचा दर. कंपनी आपल्या धातूचे दर ठराविक मुदतीनें जाहीर करीत असे. ते कमी कमी होत गेल्याचें कोणासहि वाचतां येत होतें. १८६४ च्या पावसाळ्याअखेर लिव्हरपूलचे कापसाचे दर जसे वाचतां येत होते, तसेच.